पुण्यात जुनं, परवडणारं रिव्हॉल्व्हर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात मी २१ वर्षं काउंटरमागे उभा होतो. दुकान सुटलं, फोन सुटले नाहीत. मुळशीतून, चाकणहून, मार्केट यार्डातून कोणी ना कोणी विचारतंच, "काका, स्वस्तातलं एखादं जुनं रिव्हॉल्व्हर बघा की." समोरच्याला भाव हवा असतो आणि मी आधी लायसन्सचं विचारतो, म्हणून काहीजण रागावतात. पण क्रम तोच आहे. रोज तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

आधी रिव्हॉल्व्हर बघून ठेवतो, लायसन्स मागाहून काढतो. चालेल का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे लायसन्स हातात असल्याशिवाय हत्यार विकत घेता येत नाही आणि जवळही ठेवता येत नाही. "दोन दिवस घरी नेऊन दाखवतो" हेसुद्धा चालत नाही. टोकनचे पैसेही देऊन बसू नका. लायसन्स मिळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि नाकारलं गेलं की टोकन परत मागताना मैत्री तुटते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुण्यात लायसन्स कोण देतं?

शहरात पोलीस आयुक्त. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळं आहे, तिकडच्यांनी तिकडे जायचं. बाकी ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. तुमचं घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं ते आधी पक्कं करा. हद्दीवरच्या गावांतले लोक चुकीच्या कार्यालयात अर्ज टाकतात आणि महिने घालवतात.

अर्ज ए-१ नमुन्यात असतो. सोबत वयाचा आणि राहण्याचा पुरावा, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं आणि नशेची सवय नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला हे सगळं लागतं. मग पोलीस ठाण्याकडून पडताळणी होते. वय २१ च्या आत असेल तर साधारण अर्जदाराने थांबावं.

लायसन्स कोणाला मिळतं? मला धमकी वगैरे काही आलेली नाही.

शस्त्र नियम २०१६ मध्ये, विनाप्रतिबंधित बोअरसाठी (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीवरून ठरणारा हत्याराचा प्रकार; विनाप्रतिबंधित म्हणजे सामान्यांना बंदी नसलेला), ढोबळमानाने तीन प्रकारच्या माणसांचा विचार होतो. व्यवसायामुळे, नोकरीमुळे किंवा अन्य खऱ्या कारणाने जीव वा मालमत्ता सांभाळण्याची गरज असलेला. रायफल क्लबचा किंवा असोसिएशनचा २ वर्षांपासून सक्रिय सभासद असलेला खेळाडू. आणि सैन्यात, निमलष्करी दलात किंवा पोलिसांत असलेला किंवा निवृत्त झालेला, त्यालाही खरी गरज असेल तर.

"खरी गरज" हे दोन शब्द अर्जाचा प्राण आहेत. गुलटेकडीचा व्यापारी पहाटे रोकड घेऊन एकटा जातो, तर तसं लिहावं आणि बँकेच्या नोंदी जोडाव्यात. रानातल्या वस्तीवर घर आहे, शेजारी हाकेच्या अंतरावर नाही, तर तसं लिहावं. "समाजात प्रतिष्ठा आहे" असं लिहिलेले अर्ज मी पुष्कळ पाहिलेत. प्रतिष्ठा म्हणजे गरज नव्हे, आणि अधिकाऱ्यालाही ते कळतं.

अर्ज नाकारला तर?

नाकारण्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर थोडक्यात द्यावीही लागतात, सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर. कलम १८ खाली अपील करता येतं. आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे. एजंटला पैसे देण्यापेक्षा चांगल्या वकिलाला द्या.

नव्यापेक्षा जुनं घेण्यात खरंच पैसे वाचतात का?

देशी बनावटीचं घेतलंत तर वाचतात. २०१४ मध्ये कानपूरचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर बाजारात आलं तेव्हाच त्याची किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात होती. त्यात नव्या रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी आधी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. एका साध्या माणसाने आपलं जुनं हत्यार दुसऱ्या साध्या माणसाला विकलं तर तो कर लागत नाही. फरक इथेच पडतो.

जुनी हत्यारं बाजारात येण्याला आणखी एक कारण झालं. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका लायसन्सवर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक जमा करावं किंवा विकावं लागलं. बहुतेकांनी बंदूक ठेवली, आवडती ठेवली, आणि कपाटातलं जुनं रिव्हॉल्व्हर काढून टाकलं. त्याच दुरुस्तीने लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं केली.

विलायती घेऊ की कानपूरचं?

इथे लोकांचा अंदाज उलटा असतो. मोटारीसारखं गणित लावतात, की साठ-सत्तर वर्षं जुनं म्हणजे मातीमोल. आपल्याकडे तसं नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. देशात जी विलायती बनावटीची वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन आहेत ती बहुतेक आधीच आलेली आहेत, त्यांत भर पडत नाही, आणि मागणी काही संपत नाही. म्हणून जुनं विलायती रिव्हॉल्व्हर कोऱ्या करकरीत कानपुरीपेक्षा महाग पडतं. त्या पैशात तुम्ही नाव विकत घेता. आणि स्प्रिंग तुटली तर ती बनवून घेणारा कारागीर शोधत फिरता.

ज्याला परवडणारं हवंय त्याने सरळ कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बघावं. सहा गोळ्यांचं, ३ इंचाच्या आसपास नळी, वजन पाऊण किलोच्या जवळ. रचना जुन्या वेब्लीवरूनच घेतलेली: अंगठ्याने खटका दाबला की नळी पुढे वाकते आणि मागची चांदणीच्या आकाराची चकती वर येऊन सगळी काडतुसं एकदम उचलते. दिसायला बोजड आहे, पण सुटे भाग मिळतात आणि हाताळायला माणसं मिळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल' रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं, बाजूला उघडतं. ते छान आहे, पण स्वस्तात जुनं मिळायला अजून वेळ जाईल.

.३२ म्हणजे .३२च ना? पिस्तुलाची गोळी चालेल?

नाही, आणि हा प्रश्न विचारलात हे बरं केलंत. .३२ रिव्हॉल्व्हरला लागतं ते एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग नावाचं, कडा असलेलं काडतूस. .३२ पिस्तुलाचं एसीपी नावाचं काडतूस वेगळं, आखूड. लायसन्सवर 'रिव्हॉल्व्हर' आहे की 'पिस्तूल' ते वाचा, आणि नळीवर कोरलेलं काय आहे तेही वाचा. जुन्या विलायती हत्यारांत .३२ च्याच नावाने वेगवेगळी काडतुसं चालायची. विकणाऱ्याने "बसतंय की" म्हटलं तरी ऐकू नका. बसणं वेगळं आणि तेच असणं वेगळं.

९ एमएमसारखे बोअर प्रतिबंधित आहेत. त्याचं लायसन्स फक्त केंद्रीय गृह मंत्रालय देतं. कोणी तुम्हाला "९ एमएम आहे, स्वस्तात" म्हणालं तर तिथून निघा.

दुकानातून घ्यावं की थेट मालकाकडून?

दोन्ही कायदेशीर आहे. दुकानातून घेतलंत तर थोडं महाग पडतं, पण विक्रेत्याच्या रजिस्टरला नोंद होते, हत्यार उघडून बघता येतं आणि कागदांची जबाबदारी त्याच्यावरही राहते. बरेच मालक आपलं हत्यार दुकानात जमा ठेवून विकायला सांगतात, तेव्हा "जमा माल काय आहे?" असं विचारा.

थेट मालकाकडून घेताना विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं: मी हे हत्यार विकतोय, अमुक पत्त्याच्या अमुक माणसाला. त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. तोवर हत्यार मालकाकडेच राहतं. या लेखी पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच शिक्का घेतलाय का ते स्वतः बघा. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी तो शिक्का घेतलाच नव्हता, आणि ४५ दिवस कुठून मोजायचे यावरच अडलं. पुन्हा पहिल्यापासून.

खरेदीनंतर हत्यार आणि पावती घेऊन परवाना शाखेत जायचं आणि आपल्या लायसन्सवर नोंद करून घ्यायची. विकणाऱ्याच्या लायसन्सवरून ते कमी झालंय याचीही खात्री करा.

कागदात नेमकं काय बघायचं?

विकणाऱ्याचं लायसन्स चालू आहे का. त्यावर युआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक आहे का. हत्यारावर कोरलेला कारखान्याचा क्रमांक आणि लायसन्सवरचा क्रमांक एकच आहे का. तुमच्या लायसन्सवर खरेदीची मुदत उरली आहे का आणि ते कोणत्या हद्दीपुरतं आहे.

क्रमांकाबद्दल एक सांगतो, चूक माझीच होती. दुकानात दुसरं-तिसरं वर्ष असेल. एका जुन्या रिव्हॉल्व्हरचा क्रमांक मी लायसन्सवरून उतरवला, हत्यारावरून वाचला नाही. लायसन्स हाताने लिहिलेलं होतं आणि कुठल्याशा लेखनिकाने ३ चा ८ केला होता. गिऱ्हाईक नोंदीला गेलं, अधिकाऱ्याने भिंग लावलं, आणि ते हत्यार दुरुस्ती होईपर्यंत आठ महिने जमा राहिलं. त्या माणसाने मला कधी शब्दाने दुखावलं नाही, त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून मी क्रमांक मोठ्याने वाचतो, एकेक आकडा, आणि समोरच्याला लायसन्सवर बोट ठेवायला सांगतो.

क्रमांक खरवडलेला, पुसट केलेला किंवा नसलेला दिसला तर हात लावू नका. असं हत्यार विकणं हाच गुन्हा आहे.

आणि हत्यारात काय बघायचं? मला त्यातलं कळत नाही.

कळणारा माणूस बरोबर न्या. तरी स्वतःच्या हाताने हे बघा. आधी उघडा, सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत ना ते डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. बंद करून परत हातात घेतलंत तर पुन्हा उघडून बघा. दर वेळी. मीही दर वेळी बघतो.

मग नळी उजेडाकडे धरून आतून बघा. आट्यांच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या, कडा स्वच्छ दिसायला हव्यात. काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेले खड्डे, ते तेलाने जात नाहीत. नळीचं तोंड गोल आणि धारदार कडेचं आहे का, की कुठे आपटून चेपलंय? सिलिंडर आणि नळीच्या मागच्या टोकामधली फट बघा. तिथे व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत असेल तर फट वाढलेली आहे आणि झिजलेल्या हत्यारातून शिशाचे कण बाजूला उडतात.

आता रिकाम्या हत्याराचा घोडा, म्हणजे मागचा हातोडीसारखा भाग, अंगठ्याने सावकाश मागे घ्या. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर 'टक्' करून जागेवर अडकलं पाहिजे. अडकल्यावर दोन बोटांनी हलवून बघा. किंचित हलेल, पण डुगडुगता कामा नये. हे एका घरासाठी नाही, सहाही घरांसाठी करा. कधी सिलिंडरच्या मागच्या दात्यांपैकी एकच दाता झिजलेला असतो आणि पाच वेळा सगळं ठीक वाटतं. कानपुरी रिव्हॉल्व्हरमध्ये नळी जिथे वाकते तो बिजागरीचा खिळा बघा. बंद करून नळी डावी-उजवी हलवा. खिळा सैल असेल तर जाणवतोच. घोडा उगाच वीस-वीस वेळा सोडू नका. विकणाऱ्यालाही ते आवडत नाही आणि काडतुसावर आदळणाऱ्या पिनलाही.

बाहेरची चकाकी बघून भुलू नका. नवा निळा रंग चढवलेलं हत्यार मला नेहमी खटकतं. जुना, कडांवर उडालेला रंग प्रामाणिक असतो. एकदा सदाशिव पेठेतल्या वाड्यातून ऐंशीच्या पुढचे एक आजोबा जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधून .३२ घेऊन आले होते. वरून बघवत नव्हतं. कातडी म्यानातच वर्षानुवर्षं ठेवल्याने म्यानाच्या बटणाचा गोल डाग नळीवर गंजाने उमटला होता. आतून नळी मात्र आरशासारखी आणि सिलिंडर घट्ट. आयुष्यात त्यांनी दहा-बारा गोळ्या झाडल्या असतील. ते हत्यार ज्याने स्वस्तात घेतलं तो आजही खूश आहे. पुण्याचा पावसाळा आणि कातडी म्यान यांचं जमत नाही, हे तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. म्यान बाळगायला ठेवा; घरी तेलाचा हलका हात फिरवून कोरड्या सुती कापडात ठेवा.

वडिलांचं रिव्हॉल्व्हर आहे. ते माझ्या नावावर होईल का?

होऊ शकतं, आणि सर्वांत परवडणारं जुनं रिव्हॉल्व्हर हेच. वडील हयात असतील तर त्यांचं वय ७० झालेलं असावं किंवा हत्यार त्यांच्याकडे २५ वर्षं असावं, यातलं जे आधी होईल ते. वडील गेले असतील तर वारसाने अर्ज करायचा. पण लायसन्स तुमच्या नावावर नव्याने घ्यावंच लागतं, पात्रता तुमचीच बघितली जाते. बाकीच्या भावंडांची लेखी ना हरकत आधीच घ्या.

माणूस गेल्यावर हत्यार घरात पडून राहणं, ही सगळ्यांत नेहमीची चूक. दुःखात कोणाला सुचत नाही, हे मान्य आहे. तरी विनाविलंब ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. कपाटातलं लायसन्स मेलेल्या माणसाचं असेल तर घरच्या जिवंत माणसावर गुन्हा होतो.

एकजण वीस-पंचवीस हजारांत देतो म्हणतोय, कागद नाहीत.

तो गावठी कट्टा आहे किंवा चोरीचा माल आहे. विनापरवाना हत्यार बाळगल्यास किमान २ वर्षं, ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय गावठी नळी कोणत्या लोखंडाची आहे ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. फुटली तर धरणाऱ्याची बोटं जातात. पोलिसांना कळवा.

काडतुसं कुठून घ्यायची?

फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून, लायसन्स दाखवून, लायसन्सवर लिहिलेल्या मर्यादेत. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' दिसेल. ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण, जुन्या 'किर्की' स्पेलिंगवरून आलेली. मालकाने हत्याराबरोबर दिलेली जुनी गोळ्यांची डबी घेऊ नका. त्यांचीही नोंद लागते, आणि वीस पावसाळे पाहिलेली गोळी वेळेवर उडेल याचा भरवसा नाही. झाडलेल्या पुंगळ्या फेकू नका, पुढच्या खरेदीला हिशेब द्यावा लागतो.

घरात कुठे ठेवायचं?

भिंतीला किंवा कपाटाच्या तळाला बोल्टने घट्ट बसवलेल्या लोखंडी तिजोरीत. काडतुसं दुसरीकडे, दुसऱ्या कुलपात. किल्ली देव्हाऱ्याच्या खणात नको, ती जागा घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असते.

उशीखाली ठेवणारे लोक मला भेटलेत. त्यांना मी एकच विचारायचो, रात्री तुमच्या खोलीत कोण कोण येतं? नातू येतो, झोपेत बायको हात टाकते. आणि जे दुकानात विचारायला जड जायचं ते इथे लिहितो. घरात कोणी दारूच्या आहारी असेल, कोणी खचलेलं असेल, नवरा-बायकोत हात उगारण्यापर्यंत भांडणं असतील, तर हत्यार घरात आणू नका. असेल तर आजच दुकानात जमा करा, चावी शेजाऱ्याकडे देऊन भागत नाही. मन सावरायला बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं. एका वहिनींनी नवऱ्याला न विचारता हत्यार आणून जमा केलं होतं. हत्यार घेऊन रस्त्याने येणं नियमाला धरून नव्हतं, आधी पोलिसांना फोन करायला हवा होता. पण त्यांनी जीव वाचवला असं मी आजही मानतो.

हळदीत, वरातीत एखादा बार काढला तर?

कलम २५ मध्ये २०१९ पासून याची वेगळी तरतूद आहे: लोकांच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येते. विसर्जन मिरवणुकीत कमरेला लावून मिरवणं, रील काढणं, यानेही लायसन्स जाऊ शकतं. बाहेर नेताना हत्यार म्यानात हवं, कोणाला दाखवत फिरायचं नाही.

निवडणुकीत जमा करावं लागतं का?

आचारसंहिता लागली की बऱ्याचदा आदेश येतो. आला की जमा करा, पावती जपा, निकालानंतर परत आणा.

मला फक्त नेमबाजी शिकायची आहे.

मग रिव्हॉल्व्हर कशाला? ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आत शक्ती असलेली एअर पिस्तुलं लायसन्सशिवाय घेता येतात. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात नेमबाजीची चांगली रेंज आहे, पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये कांस्य जिंकणाऱ्या नेमबाज स्वप्नील कुसाळेनेही तिथे सराव केलाय. तिथे जा, दोन महिने शिका. हत्यार धरल्यावर आपला हात किती थरथरतो हे त्या दोन महिन्यांत कळतं, आणि बऱ्याच जणांची रिव्हॉल्व्हरची इच्छा तिथेच भागते.

घेतलं, पण पुढे नको झालं तर?

लायसन्सची मुदत चालू असतानाच विकायला काढा. मुदत संपली की हत्यार जमा करावं लागतं आणि घाईत भाव पडतो. दर दिवाळीला बाहेर काढून पुसताना त्याचा क्रमांक एकदा मोठ्याने वाचा, लायसन्सशी जुळवा आणि लायसन्स कधी संपतंय ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवा.